बातमीतील उमेदवार

अनेक मतदारांना उमेदवार भेटतो तो बातमीतूनच. सेठ गोविंददास यांच्या निधनामुळे १९७४ मध्ये जबलपूरची लोकसभेची जागा रिक्त झाली. पोटनिवडणुकीत रांझी भागातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी शरद यादव हे जयप्रकाश नारायण यांच्या पाठिंब्याने उभे राहिले व विजयी झाले. त्यांना ‘विद्यार्थी नेता’, ‘कारावास भोगलेला आंदोलक’ किंवा ‘जनता उमेदवार’ यांपैकी काहीही म्हटले, तरी ते खरेच ठरले असते. परंतु पहिल्या शब्दातून अननुभव, दुसऱ्यातून त्याग अथवा उच्छृंखलता आणि तिसऱ्यातून लोकमान्यता सूचित होते. विजयाची कारणे अनेक असतात. तथापि असत्य न लिहिताही केवळ शब्दाच्या निवडीने बातमी मत घडवू शकते. म्हणून बातमीत काय आले याबरोबरच काय गाळले गेले, हेही मतदाराने पाहिले पाहिजे.