जनपदोद्ध्वंस, खारपाणपट्टा आणि आपले विद्यार्थी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असूनही एकाच वेळी अनेकांना व्याधी का होते, या अग्निवेशाच्या प्रश्नाला आत्रेयांनी वायू, उदक, देश व काल यांची दुष्टी हे उत्तर दिले. या दुष्टीचे मूळ अधर्मात असल्याचे सांगताना देश, नगर व जनपद यांच्या प्रमुखांनाही त्यांनी जबाबदार धरले. परीक्षेत विद्यार्थी हे बिनचूक लिहितो. परंतु दूषित उदकाविषयी शासनाकडे दाद कशी मागावी, हे त्याला क्वचितच शिकविले जाते.

वऱ्हाडात यासाठी उदाहरण शोधावे लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट या भागांतील रुग्ण मूत्राश्मरीची तक्रार घेऊन आला की आपण गोक्षुर, वरुण, पुनर्नवा योजतो. मग तो घरी जाऊन तेच खारे पाणी पितो. निदानपरिवर्जनाचा विचार येथे चिकित्सालयाच्या उंबरठ्यावरच थांबतो.

बी.ए.एम.एस.च्या एक वर्षाच्या आंतरवासितेत पुढील अभ्यास सहज बसू शकेल. रुग्णनोंदीत गाव व पाण्याचा स्रोत लिहावा. त्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. भारतीय मानक १०५०० नुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असून, पर्यायी स्रोत नसल्यास ती २००० आहे. निष्कर्ष ग्रामसभेत मांडून ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे द्यावी. योजना रखडली असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करावा. त्याचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. काही रुग्णांच्या नोंदीवरून पाणी हेच व्याधीचे कारण सिद्ध होत नाही; तो केवळ चौकशीचा आधार ठरतो. 'आढळले' आणि 'सिद्ध झाले' यांतील भेद विद्यार्थ्याने निवेदनात राखला पाहिजे. दुसरे असे की, निवेदनात कोणत्याही औषधाचे वा औषधालयाचे नाव नसावे. औषधालयचालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण विक्रीचा वास आला की खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

शाखेतील प्रत्येक ज्येष्ठ वैद्याने यंदा दोन आंतरवासितांना ग्रामसभेत सोबत न्यावे, अशी विनंती आहे. नाडीपरीक्षा जशी गुरूसमवेत बसून येते, तशीच जनपदाची चिकित्साही.