पंचनाम्यात न येणारा धसका

भिवंडी तालुक्यातल्या वळपाड्याची इमारत आपल्या लक्षात असेल. २९ एप्रिल २०२३, शनिवारची भर दुपार. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. इमारत कोसळली, आठ जीव गेले. त्याआधी २१ सप्टेंबर २०२० रोजी, पहाटेच्या साखरझोपेत, शहरातल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली. तेव्हा तर ३५ हून अधिक माणसं दगावली. ढिगारा उपसला गेला, जखमींना दवाखान्यात नेलं, कागद रंगले. पण जी माणसं ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, किंवा ज्यांनी हातांनी विटा उपसून शेजारी बाहेर काढला, त्यांचं पुढं काय झालं, हे कुठल्याच रकान्यात नसतं.

अशी माणसं आपल्याही गावात असतात. घर पडलेलं, पुरात गोठा वाहून गेलेला, रस्त्यावर डोळ्यांदेखत अपघात झालेला. अंगावर ओरखडा नाही, पण गोदामाचं शटर धाडकन पडलं की माणूस जागचा उडतो. रात्री दोनला उठून बसतो. छातीत धडधड, पोटात गोळा, मान-खांदे आखडलेले. ईसीजी काढावा तर सरळ. मग लोक म्हणतात, 'नाटकं करतो' किंवा 'बाहेरचं काहीतरी आहे.' दोन्ही खोटं. जुनी माणसं याला 'धसका' म्हणत, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. धसका डोक्यापेक्षा अंगात जास्त बसतो.

शेतकरी बंधूंनो, हे तुम्हाला डॉक्टरांपेक्षा लवकर कळेल. बैल एकदा विहिरीच्या काठावरून घसरला की त्या वाटेला पुन्हा पाय टाकत नाही. कान टवकारतो, अंग थरथरतं. अशा बिथरलेल्या बैलाला कुणी समजुतीच्या चार गोष्टी सांगत बसतं का? आपण त्याची वेसण सैल करतो, पाठीवरून हात फिरवतो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो, चार पावलं चालवतो. माणसाला मात्र आपण लगेच सांगतो, 'विसरून जा, मन घट्ट कर.'

संकटात अंगात ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य सुटतं. पळायला नाहीतर झुंजायला बळ यावं म्हणून काळीज जोरात चालतं, स्नायू ताठ होतात. संकट टळलं की हे सगळं ओसरायला हवं. काहींच्या बाबतीत ते पुरतं ओसरतच नाही. शरीराच्या लेखी इमारत अजून पडतेच आहे. म्हणून धसक्यावरच्या उपचारांत आता बोलण्याबरोबर शरीराचाही विचार होतो. अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी बेतलेल्या पद्धतीत प्रसंग सगळा वदवून घेत नाहीत. थोडंसं आठवायचं, अंगात कुठं काय होतंय ते पाहायचं, की लगेच सुरक्षित जागेवर परत यायचं, असं थोडं थोडं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत अशा पद्धतीनं काम झालं. अंदमानातल्या ४७ आपद्ग्रस्तांनी एक आठवडा योग केला, तेव्हा त्यांची भीती आणि झोपमोड कमी झाल्याचं आढळलं. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या आघातानं पिडलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवडे सौम्य योग केलेल्यांपैकी निम्म्या स्त्रियांना आजाराची व्याख्या लागू राहिली नाही. योग न करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा होतं. हे अभ्यास लहान आहेत, तेव्हा कुणी 'हमखास इलाज' म्हणून पैसे मागू लागला तर सावध राहा. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडात अंग सैलावतं, बरंही वाटतं. पण तोही पूर्ण इलाज नव्हे.

घरी काय करता येईल? माणसाला मोकळ्या ओट्यावर बसवा. दोन्ही तळवे जमिनीला टेकू द्या, पाय खाली हलके दाबायला सांगा. समोर काय दिसतं, पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा: आंब्याचं झाड, हंडा, सायकल, काहीही. श्वास सावकाश घ्यायचा, सोडायला थोडा जास्त वेळ लावायचा. रोखून धरायचा नाही. डोळे मिटून भीती वाढत असेल तर उघडेच ठेवू द्या. थरथर सुटली तर हात धरून दाबू नका, पांघरूण द्या, जवळ बसा. न विचारता अंगाला हात लावू नका, बायाबापड्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. याने त्रास वाढला तर तिथंच थांबा. आणि छातीत दुखत असेल तर आधी दवाखाना, व्यायाम मागाहून.

सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी भाऊसाहेब (आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, पण गावाच्या तोंडी तलाठीच), थोडं तुमच्यासाठी. आपत्तीनंतर एकाच बाईला तिचं मूल कसं गेलं हे पोलीस विचारतात, तुम्ही विचारता, डॉक्टर विचारतात, पुढारी विचारतात. आम्ही बातमीदारही त्यात आलो, आणि आमचा गुन्हा मोठा, कारण आम्हाला नुसता मथळा हवा असतो. दर खेपेला तिचं अंग त्या क्षणात परत जातं. सगळं एकदाच बोलून टाकायला लावण्याचा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेनंही नको म्हटला आहे. जबाब शक्यतो एकदाच नीट लिहून घ्या. ढिगाऱ्यासमोर उभं करून नको, शाळेच्या खोलीत बसवून घ्या. घरचं माणूस शेजारी असू द्या. पाणी द्या. 'थांबायचं असेल तर सांगा' एवढं म्हणा.

आणि कुणी भगताकडं नेऊन झोडपून 'भूत उतरवायला' लागला तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. देवाला नारळ वाढवायला कुणाची हरकत नाही.

पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही तेच स्वप्न पडत असेल, माणूस त्या वाटेनं जाणंच टाळत असेल, दारूकडं वळला असेल, तर मानसोपचार तज्ज्ञ गाठा. जीव देण्याची भाषा निघाली तर दिवस मोजू नका, त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी न्या. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे; तिथं बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणूस संध्याकाळी घरी येतो, पण नाव ऐकूनच लोक मागं सरतात. तेवढ्यासाठी कुणाला रखडवू नका. जाणं नाहीच जमलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वीजबिलाच्या सूचनेशेजारी तो खडूनं लिहायला पाच मिनिटं लागतील.