रांग पालकांची, प्रतीक्षा मुलांची

दत्तकाची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. किंबहुना आपल्या इतिहासातील काही मोठे संघर्ष दत्तकाच्या प्रश्नावरूनच पेटले. १८४८ साली कंपनी सरकारने साताऱ्याचे राज्य खालसा केले, ते दत्तक नामंजूर करूनच. तथापि ते दत्तक गादीसाठी, वतनासाठी आणि पिंडदानासाठी होते. त्यात मूल हे साधन होते, साध्य नव्हते. या समजुतीला ठळक छेद दिला तो जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, दत्तक घेतले. घराण्याला वारस हवा म्हणून नव्हे, तर मुलाला घर हवे म्हणून दत्तक, हा विचार त्या कृतीत होता. तो कायद्यात उतरायला मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हा प्रामुख्याने जुन्या परंपरेचाच सुधारलेला वारस होय. नात्यातील वा ओळखीतील मूल जन्मदात्यांनी स्वखुशीने द्यावे आणि दुसऱ्याने घ्यावे, अशी त्याची रचना आहे. मुलगा असताना मुलगा आणि मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही, हा त्यातील दंडक जुन्या वारसविचाराची आठवण करून देतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी दांपत्यांना तर दीर्घकाळ १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यावरच भागवावे लागे. ते मुलाचे पालक होऊ शकत, आईबाप नव्हे. बाल न्याय कायद्याने, प्रथम २००० च्या आणि नंतर २०१५ च्या, हे चित्र पालटले. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस या कायद्याखाली मूल दत्तक घेता येईल, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. अनाथ, टाकून दिलेली व जन्मदात्यांनी संस्थेच्या स्वाधीन केलेली मुले आज याच कायद्याच्या वाटेने घरी येतात.

ही वाट कशी आहे? इच्छुक पालकांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संगणकीय व्यवस्थेत नाव नोंदवायचे. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल तयार करतो. पतिपत्नींच्या वयांच्या बेरजेवरून त्यांना किती वयाचे मूल मिळू शकेल हे ठरते: दोन वर्षांच्या आतील मुलासाठी ही बेरीज पंचाऐंशीहून अधिक चालत नाही. ज्येष्ठतेनुसार पाळी आली की मुलाची माहिती मिळते. अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवायचा, संस्थेत जाऊन मुलाला भेटायचे आणि मग दत्तकाच्या आदेशासाठी अर्ज करायचा. हा अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. त्यानंतरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मूल घरात कसे रुळले याची पाहणी होते. कागदपत्रांचा हा व्याप पाहून मध्यमवर्गीय माणूस धास्तावतो हे खरे. पण यातील बहुतेक टप्पे मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहेत आणि ते आवश्यकही आहेत.

मग अडते कोठे? अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मागणी आणि पुरवठा हे शब्द मुलांच्या बाबतीत उच्चारतानाही संकोच वाटतो. येथे किंमत नाही आणि असूही नये. पण जेथे किंमत नसते तेथे रांग असते, आणि रांग का वाढते हे तपासणे हे आमच्या शास्त्राचे कामच आहे. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये सादर केलेल्या अहवालातील आकडे पाहावेत. डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ इच्छुक पालक नोंदलेले होते आणि प्रतीक्षेचा काळ एका वर्षावरून तीन वर्षांपर्यंत गेला होता. त्याच वेळी संस्थांमध्ये अनाथ, परित्यक्त व स्वाधीन केलेली अशी ६,९९६ मुले होती. मात्र त्यांपैकी दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित झालेली मुले होती फक्त २,४३०. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश मुले पालकांच्या यादीपर्यंत पोहोचलीच नव्हती. रांग पालकांची दिसते, पण खरी प्रतीक्षा या मुलांची आहे.

मुलाला मुक्त घोषित करण्याचे काम जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे. टाकून दिलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घ्यावा, पोलिसांचा अहवाल मागवावा आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत, मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत निर्णय द्यावा, अशी कायद्याची मुदत आहे. आईने स्वेच्छेने मूल सोडले असेल तर फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. अडचण मुदतीत नाही, ती न पाळण्यात आहे. पोलिसांचा अहवाल येत नाही, समितीची जागा रिकामी राहते, संस्था मुलाला समितीपुढे उभेच करीत नाही. कित्येक मुलांना वर्षानुवर्षे कोणी भेटायला येत नाही, तरी कागदावर त्यांचे कोणीतरी ‘आहे’.

या दिरंगाईची किंमत मोजतो तो मुलगाच. सहा महिन्यांचे बाळ मुक्त घोषित होईपर्यंत तीन वर्षांचे झाले, तर लहान मूल मागणाऱ्या बहुसंख्य पालकांच्या यादीतून ते आपोआप गळते. सरकारी फाईल उशिरा निघाली तरी फाईलच राहते. बालपण मात्र साठवून ठेवता येत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्याकडे दिला आणि सप्टेंबर २०२२ पासून ती अमलात आली. वेग वाढावा हा हेतू सांगितला गेला. पण आदेशाची पायरी ही वाटेची अखेरची पायरी आहे. खोळंबा पहिल्याच पायरीवर असताना शेवटच्या पायरीवरचा अधिकारी बदलून काय साधणार?

रांग लांबली की चोरवाटा फुटतात, हा अर्थव्यवहाराचा नियम येथेही चुकलेला नाही. एखाद्या प्रसूतिगृहातून परस्पर मूल घ्यायचे आणि साध्या मुद्रांकावर करार करायचा, असे सल्ले देणारे भेटतात. अशा कागदाने अनाथ वा परित्यक्त मूल कोणाचे होत नाही. बाल न्याय कायद्याने ही वाट टाळून मूल घेणे व देणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मुलाची खरेदी-विक्री तर त्याहून गंभीर. पालकांची अगतिकता समजू शकते, पण अशा व्यवहारात कोणाच्या मांडीवरून मूल उचलले गेले, हे कधीच कळत नाही.

उपाय नवा कायदा करण्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यांना दर दोन महिन्यांनी मोहीम काढून संस्थांतील अशी मुले शोधण्यास सांगितले. देशातील ७६० जिल्ह्यांपैकी ३७० जिल्ह्यांत विशेष दत्तक संस्थाच नव्हती, हेही तेव्हा पुढे आले. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुले दत्तक गेली, ही वाढ स्वागतार्ह आहे. पण २०१०-११ साली हीच संख्या सहा हजारांवर होती, हे विसरता कामा नये. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या संस्थांत किती मुले आहेत, किती मुक्त झाली आणि उरलेली कोणत्या कागदासाठी अडली आहेत, हे मुलांची नावे न देता दर तीन महिन्यांनी जाहीर करावे. पीकपाण्याची आणेवारी आपण गावनिहाय काढतो; अडलेल्या मुलांची गणती तालुकानिहाय निघू नये असे कोणते कारण आहे?