इंजिन खोलण्याआधी

जुन्या मोटारसायकलचा दम गेला की बहुतेक गॅरेजांत एकच निदान ऐकू येते, ‘भाऊ, इंजिनचे काम निघाले.’ म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा, सगळेच. ज्याचे पोट गाडीवर चालते, त्याला हे वाक्य ऐकूनच धडकी भरते. आमच्या आचोळ्यात असे लोक पुष्कळ. पहाटे दूध टाकणारे, गाळ्यांतून माल पोचवणारे, घरोघरी फ्रीज दुरुस्त करणारे. त्यांच्या कित्येक गाड्या पंधरा वर्षांपुढच्या, नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर भरून रस्त्यावर राखलेल्या.

आमच्या दूधवाल्या काकांची सीडी 100 त्यांतलीच. हीरो होंडाने 1985 साली ही गाडी आणली, तेव्हा राजदूत आणि येझदीच्या टू-स्ट्रोकचा जमाना होता. त्या इंजिनांत असे व्हॉल्व्ह नसत. फोर-स्ट्रोकचा सारा श्वास मात्र दोन झाकणांवर असतो. एक हवा-पेट्रोल आत घेते, दुसरे जळालेला वायू बाहेर सोडते. हे दुसरे भयंकर तापते. सीटवर घट्ट टेकले की आपली बरीचशी उष्णता ते हेडला देते. टॅपेटची फट मिटली तर ते पुरते टेकत नाही, आणि मग कडेने जळू लागते. म्हणून थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, अगदी मुका झालेला नाही.

आमच्याकडे पावसाळ्याची भर असते. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते, तेव्हा गल्लीतल्या गाड्यांची काय कथा! सायलेन्सरमधून शिरलेले पाणी उघड्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते. गाडी तशीच पडून राहिली, तर सीटवर गंजाचे खड्डे पडतात.

काकांच्या गाडीची किक हलकी झाली होती आणि सायलेन्सर फटफट करत होता. एका गॅरेजने पूर्ण इंजिनचा खर्च सांगितला. दुधाचा रतीब चुकणार, म्हणून काका कर्ज काढायच्या विचारात होते. मी त्यांना गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेले.

मिस्त्रीने आधी थंड इंजिनवर टॅपेटची फट पाहिली. मग प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. ते कमी भरले. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चढला असता. तो जागचा हलला नाही. ‘काका, खालचे काही बिघडलेले नाही,’ मिस्त्री म्हणाला.

मग पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा जागी आणून त्याने गाडी गिअरमध्ये घातली, मागचा ब्रेक दाबून धरायला लावला आणि प्लगच्या भोकातून पंपाची हवा सोडली. फुस्स आवाज सायलेन्सरमधून आला. कार्बोरेटरमधून आला असता तर आत घेणारा व्हॉल्व्ह दोषी, ऑइलच्या झाकणातून आला असता तर रिंगा. साऱ्या तपासणीला अर्धा तासही लागला नाही.

हेड उतरवल्यावर खात्री पटली. व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळाली होती. गाईडमध्ये खेळ नव्हता, सीट घासून सुधारण्याजोगी होती. खड्डे खोल असते तर हेड लेथवर न्यावे लागले असते. नवा व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासला, तोवर की सीटवर सगळीकडे सारखी राखाडी रेघ उमटली. मग सारे केरोसीनने धुतले, कारण पेस्टचा एक कण राहिला तरी इंजिन खातो. शेवटी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटे वाट पाहिली. थेंब पाझरला नाही. नवे गॅस्केट, टायमिंग चेनच्या खुणा जुळवणे, टॅपेटची फट, आणि तिसऱ्या पहाटे दूध वेळेवर आले.

पिस्टन, रिंगा, बोअर यांना हातही लागला नाही. मिस्त्रीने तपासणीचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा काका क्षणभर घुटमळले. आपणही घुटमळतो. सुट्या भागाचे पैसे आपण निमूट देतो, निदानाचे मात्र नाही. मग गॅरेजवाला भाग विकूनच पोट भरणार, आणि त्याच्या हाताखालची पोरेही भाग बदलायलाच शिकणार. पुढच्या वेळी ‘इंजिनचे काम निघाले’ असे कोणी म्हणाले तर एवढेच विचारा, ‘कॉम्प्रेशन किती भरले, आणि हवा कुठून गेली?’ आणि त्या उत्तराचे पैसे आनंदाने द्या.