हवेचा आकडा येतो कोठून?

पनवेल, प्रतिनिधी

तळोजा औद्योगिक वसाहतीभोवती रात्री-पहाटे रसायनांचा उग्र दर्प येतो, ही कळंबोली, खारघर परिसरातील रहिवाशांची तक्रार जुनीच आहे. त्याच दिवशीचा हवा गुणवत्ता निर्देशांक मात्र ‘समाधानकारक’ असू शकतो. मग खोटे कोण, नाक की यंत्र? दोघेही खरे असू शकतात. त्यासाठी हा आकडा तयार कसा होतो, ते पाहावे लागेल.

राज्यात हवेच्या मोजमापाची जबाबदारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. जुनी पद्धत हाताने नमुने घेण्याची. पंप हवा ओढतो, ती गाळणी कागदातून जाते. कागदाचे आधीचे व नंतरचे वजन यांतील फरक म्हणजे धूळ. सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइडसाठी हवा रासायनिक द्रावणातून सोडून प्रयोगशाळेत तपासली जाते. हे नमुने आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक वेळी चोवीस तास घ्यायचे, असा दंडक आहे. वर्षाकाठी १०४ दिवस. उरलेल्या २६१ दिवसांची या पद्धतीत नोंदच नसते!

ही उणीव स्वयंचलित केंद्रांनी बरीच भरून काढली. पनवेल परिसरात कळंबोली आणि तळोज्याजवळील तोंडरे येथे मंडळाची अशी केंद्रे आहेत. येथील यंत्रे अहोरात्र चालतात. धूळ मोजण्याची एक रीत अशी, की फितीवर साचलेल्या धुळीतून बीटा किरण सोडतात; धूळ जितकी दाट, तितके पलीकडे पोहोचणारे किरण कमी.

मात्र नागरिकांपुढे येतो तो निर्देशांक, आणि खरी मेख तेथेच आहे. २०१५पासून देशभर लागू झालेल्या या निर्देशांकात आठ प्रदूषके धरली आहेत. किमान तिघांची आकडेवारी हवी, त्यांत धूलिकण हवेतच. ज्या प्रदूषकाची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच आकडा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. परंतु धुळीसह बहुतेक प्रदूषकांची चोवीस तासांची सरासरी काढली जाते. समजा, पीएम १० हे धूलिकण बावीस तास ६० आणि पहाटेचे दोन तास ३०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर राहिले. सरासरी येते ८०. चोवीस तासांची मर्यादा १०० असल्याने दिवस ‘समाधानकारक’ ठरतो. त्या दोन तासांत फिरायला निघालेल्या दमेकऱ्याला या सरासरीचा काय उपयोग?

दर्पाचे कोडे आणखी वेगळे. हायड्रोजन सल्फाइडसारखे दुर्गंधी वायू किंवा रासायनिक द्रावकांच्या वाफा निर्देशांकाच्या यादीतच नाहीत. त्यामुळे वास कितीही असह्य असला, तरी केवळ त्यापायी आकडा हलत नाही. त्यात हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही आणि सोडलेला वायू वस्तीतच रेंगाळतो.

दोन्ही केंद्रांची तासागणिक आकडेवारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. धुराची किंवा धुळीची शंका असल्यास दिवसाच्या निर्देशांकाऐवजी ती पाहावी. वासाची तक्रार असेल, तर वेळ, ठिकाण आणि वाऱ्याची दिशा टिपून मंडळाच्या तळोजा उपप्रादेशिक कार्यालयाला लगेच कळवावे. तो वायू विरून गेल्यावर पथकाला तेथे काहीच सापडत नाही.