दाराशी येणारी मोटार कोणाला?

आपल्याकडे ज्या घरात कोणाचा पाय अधू असतो किंवा दृष्टी मंद झालेली असते, त्या घरातील मंडळींना एक आकडा तोंडपाठ असतो. ‘बेचाळीस टक्के’, ‘पासष्ट टक्के’, ‘ऐंशी टक्के’. सरकारी दाखल्यावर तो लिहिलेला असतो आणि पुढचे पुष्कळसे त्यावरच ठरते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार सांगितले होते; २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. परंतु ४० टक्क्यांची रेघ मात्र जागच्या जागी राहिली. रेघेच्या पलीकडे गेलात तर बहुतेक सवलती तुमच्या, अलीकडे राहिलात तर नाही.

टक्के मोजण्यात गैर काहीच नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण साठ टक्के अपंग असलेल्या मनुष्याला संध्याकाळी सात वाजता बाजारातून घरी एकट्याने येता येते की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. २०२३ साली मी ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे अमेरिकेला सहा महिने राहिले, तेव्हा हाच प्रश्न सरळ विचारणारी एक पद्धत मला जवळून पाहायला मिळाली. तिची हकीगत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

आधी बस, मग मोटार

अमेरिकेतील शहरांत सार्वजनिक बसच्या जोडीला एक वेगळी मोटार धावते. चाकांची खुर्ची आत घेता येईल अशी ती लहानशी गाडी असते. आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवायची, की गाडी येऊन घेऊन जाते आणि हव्या त्या ठिकाणी सोडते. सरकारी भाषेत हिला ‘पॅराट्रान्झिट’ म्हणतात. ही सेवा म्हणजे कोणाचा दानधर्म नव्हे. ज्या शहरात ठरलेल्या मार्गांवर सार्वजनिक बस चालते, तेथे ती कायद्याने द्यावीच लागते.

हा कायदा सहजासहजी झाला नाही. १९७८ च्या जुलै महिन्यात डेन्व्हर शहरातील १९ अपंग माणसे भर चौकात बसगाड्यांच्या आडवी गेली आणि रात्रभर तेथून हलली नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की ज्या बसमध्ये आम्हांला चढता येत नाही ती ‘सार्वजनिक’ कशी? पुढे १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये कित्येक अपंग स्त्रीपुरुष आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून संसद-भवनाच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलै रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली.

ह्या लोकांनी मागितली होती ती बस. दाराशी येणारी मोटार ही त्यांची मुख्य मागणी नव्हती, आणि कायद्याचा रोखही बसवरच आहे. नव्या बसला खुर्ची वर घेणारी लिफ्ट किंवा उतरती फळी असलीच पाहिजे. मोटार ही तिची केवळ पुरवणी. म्हणूनच तिचे नियम बसच्या मापाने कापलेले आहेत. बसच्या मार्गापासून दोन्ही बाजूंना पाऊण मैलाच्या, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मिळते. ज्या दिवशी आणि ज्या वेळी बस चालते त्याच वेळी ती चालते. भाडे बसच्या पूर्ण भाड्याच्या दुपटीहून अधिक घेता येत नाही, आणि सोबत मदतनीस लागत असेल तर त्याचे भाडे मुळीच नाही. मला सर्वांत आवडला तो नियम असा, की तुम्ही कशासाठी चाललात हे कोणी विचारायचे नाही. इस्पितळात, देवळात की सिनेमाला, सर्व फेऱ्या सारख्याच.

मात्र अशी एक फेरी बसच्या फेरीच्या कितीतरी पट महाग पडते. तेव्हा ती कोणाला द्यायची, हे ठरवणे ओघानेच आले.

तीन कसोट्या

नियमांत पात्रतेच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, अपंगत्वामुळे ज्याला सर्व सोयींनी युक्त बसमध्येसुद्धा दुसऱ्याच्या मदतीवाचून चढता, बसता किंवा उतरता येत नाही तो. बुद्धीच्या दुबळेपणामुळे ज्याला आपली बस ओळखता येत नाही तोही ह्यातच आला. दुसरी, ज्याला लिफ्टची बस चालली असती, पण त्या मार्गावर किंवा त्या थांब्यावर तशी सोय नाही तो. तिसरी, ज्याला आपल्या विशिष्ट व्याधीमुळे थांब्यापर्यंत पोचणेच अशक्य आहे तो.

येथे ‘अशक्य’ आणि ‘त्रासाचे’ ह्या दोन शब्दांत फार मोठी दरी आहे. गुडघे दुखतात, बसची वाट पाहायचा कंटाळा येतो, थंडी फार आहे, एवढ्याने काम भागत नाही. नुसते वय झाले म्हणूनही नाही. उलट घरी मोटार आहे किंवा बँकेत पैसा आहे म्हणून कोणाला नाकारताही येत नाही. आणि डॉक्टरने रोगाचे नाव लिहून दिले म्हणजे झाले, असेही नाही. डॉक्टरचे मत विचारात घेतात, पण शेवटचा प्रश्न एकच: हा मनुष्य, ह्या परिस्थितीत, प्रत्यक्ष बसने जाऊ शकतो का?

म्हणून एकाच रोगाच्या दोघांना दोन उत्तरे मिळू शकतात. जन्मापासून आंधळा असलेला तरुण पांढरी काठी घेऊन शहरभर बसने हिंडत असेल, तर त्याला कदाचित मोटारीची गरज नाही. साठीनंतर दृष्टी गेलेल्या बाईला मात्र समोरचा रस्ता ओलांडणेही अशक्य असेल. सांधेदुखीवाल्याचा एक दिवस बरा जातो, दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही. अशांसाठी अटींची पात्रता असते: जेव्हा जमते तेव्हा बस, जेव्हा अशक्य असते तेव्हा मोटार.

वन्संची परीक्षा

आमच्या वन्संचे वय तेव्हा एकाहत्तर. यजमान जाऊन नऊ वर्षे झालेली, मुलगा नोकरीमुळे दुसऱ्या टोकाच्या शहरात. वन्सं आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीच्या सभागृहात शिवणाचा वर्ग घेत. पैसे थोडेच मिळत, पण ते स्वतःच्या कमाईचे. त्यांना डोळ्यांचा रेटिनायटिस पिगमेंटोझा हा रोग आहे. ह्यात प्रथम रात्रीचे दिसेनासे होते आणि मग नजरेच्या कडा आत आत येऊ लागतात. दिवसाउजेडी वन्सं सुई ओवतात. दिवेलागणीनंतर त्यांना पायाखालची पायरी दिसत नाही.

अर्ज भरला आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी अकरा वाजता परीक्षेला बोलावणे आले. आदल्या रात्री भाच्याचा फोन आला. “आई, उद्या काठी घेऊन जा, आणि दोनदा जरा अडखळ. सगळे तसंच करतात.”

वन्सं कडाडल्या, “एकाहत्तर वर्षं सरळ चालले रे! आता मोटारीसाठी सोंग करू?”

सोंग त्यांनी केले नाही. पण दुसऱ्या टोकाला गेल्या. ठेवणीतली साडी नेसल्या आणि ताठ मानेने निघाल्या. परीक्षेच्या जागी एका दालनात बसचा पुढचा भाग उभा केलेला होता. पायऱ्या, धरायचा दांडा, पैसे टाकायची पेटी, सारे खरेखुरे. बाहेर फुटपाथची कड, खडीचा उतार आणि दिव्यांचा चौक. परीक्षा घेणारी तरुणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. तिने बसचा क्रमांक वाचायला सांगितला, वाचला. रस्ता ओलांडायला सांगितला, ओलांडला. “काही अडचण येते का?” असे विचारले, त्यावर वन्संचे उत्तर, “छे, मी सगळं माझं मी करते.”

सतराव्या दिवशी पत्र आले. नियमाप्रमाणे अर्ज पूर्ण झाल्यापासून २१ दिवसांत निर्णय द्यावा लागतो; न दिल्यास तो होईपर्यंत सेवा सुरू करावी लागते. पत्रात कारणांसह लिहिले होते: अर्जदार स्वतंत्रपणे बसने प्रवास करू शकतात, अपात्र.

वन्संनी पत्र घडी करून डब्यात ठेवले. मी म्हटले, “वन्सं, साठ दिवसांत दाद मागता येते असं ह्याच पत्रात आहे.”

“कशाला ग? खरंच लिहिलंय की. त्या पोरीनं जे पाहिलं तेच लिहिलं.”

“तिनं सकाळी अकराचं पाहिलं. डिसेंबरातल्या पाचचं कुठं पाहिलं?”

त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मात्र आपण होऊन त्यांनी जे सांगितले, ते त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हते. मागच्या हिवाळ्यात वर्गाहून येताना फुटपाथच्या कडेवरून पडून त्यांचे मनगट मोडले होते. मुलाला कळवले ते ‘घरात घसरले’ असे. त्यानंतर त्यांनी हिवाळ्यातला वर्ग सोडला होता. त्या भागात डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने ही बाई दुपारनंतर घरात कोंडलेली असे, आणि विचारणाऱ्याला म्हणे, “थंडीत बाहेर पडायला मलाच आवडत नाही.”

दाद मागितली. नियम असा, की पहिला निर्णय देणाऱ्याने ती ऐकायची नाही आणि अर्जदाराला समक्ष बोलू द्यायचे. ऑक्टोबरात सुनावणी झाली. टेबलापलीकडे पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. त्यांनी कागद चाळले आणि विचारले, “डिसेंबरात साडेचारनंतर तुम्हांला कुठं जायचं असेल, तर तुम्ही काय करता?”

वन्सं बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “घरी बसते.”

मग मनगटाचे सांगितले. बर्फाने फुटपाथची कड झाकली गेली, की भर दिवसाही ती कळत नाही, हेही सांगितले. आवाज बारीक झाला होता, पण एक शब्द वाढवून सांगितला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचे दृष्टिक्षेत्राचे नकाशे जोडलेले होतेच.

निर्णय नोव्हेंबरच्या आरंभी आला. अटींची पात्रता: अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत, रस्त्यावर बर्फ असताना, आणि अनोळखी ठिकाणी जाताना मोटार, एरवी बस. भाच्याला वाटले, पूर्ण पात्रता मिळाली असती तर बरे. वन्संना मात्र हेच पटले. “दिवसाची बस माझी आहे, ती कशाला सोडू?” त्या म्हणाल्या. ५ नोव्हेंबरला तिकडची घड्याळे तासभर मागे गेली आणि संध्याकाळ एकदम अंगावर आली. १२ तारखेला लक्ष्मीपूजन. मंडळाच्या समारंभाला आम्ही त्या मोटारीने गेलो. वेळ साडेपाचची होती, गाडी पावणेसहाला आली. ही वाट पाहणे नेहमीचेच, असे त्या गाडीतल्या इतरांकडून कळले. पुढच्या मंगळवारपासून शिवणाचा वर्ग पुन्हा सुरू झाला.

दोन तऱ्हेचा खरेपणा

ही पद्धत निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. परीक्षा तासाभराची आणि आयुष्य बारा महिन्यांचे. ज्याला नीट बोलता येत नाही किंवा ज्याला पत्राचा अर्थ सांगणारे कोणी नाही, तो पहिल्याच नकाराला घरी बसत असेल. परंतु ती विचारते तो प्रश्न मला योग्य वाटतो. आणि त्याला उत्तर देताना दोन तऱ्हेचा खरेपणा लागतो. नाही ते दुखणे दाखवायचे नाही, ही एक तऱ्हा; ती आपल्याला शिकवलेली असते. असलेले दुखणे झाकायचे नाही, ही दुसरी. आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांत ती फार अवघड. आपली माणसे अडचण सांगायची म्हणजे कमीपणा मानतात. “मला आवडतच नाही बाहेर जायला” ह्या वाक्याखाली किती मोडलेली मनगटे असतील, कोण जाणे!

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने बस, स्थानके आणि रस्ते अपंगांना वापरता येतील असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. प्रत्येक बसमार्गाच्या जोडीला दाराशी येणारी मोटार मात्र आपल्या कायद्यात नाही. ती कधी आली, तर कोणाला द्यायची हे ठरवताना नुसता टक्क्यांचा कागद पुरणार नाही. त्या मनुष्याच्या घरापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता, त्यावरचे खड्डे, पावसाळ्यातले पाणी आणि संध्याकाळचा उजेड, हे सारे त्याच्याबरोबर चालून पाहावे लागेल.

पण त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ह्या दिवाळीत घरची सगळी मंडळी फराळाला जमतील. त्यांत एखादे काका किंवा आत्या अलीकडे कुठे जाईनाशी झाली असतील. त्यांना ‘तब्येत कशी आहे?’ असे विचारले, तर उत्तर ‘बरी आहे’ असेच येईल. त्याऐवजी विचारून पाहावे, “अंधार पडल्यावर कुठे जायचे असले, तर तुम्ही काय करता?” आणि मग घाई न करता उत्तराची वाट पाहावी.