सीताफळाचं माहेर, उसाचं सासर

पृथ्वीचा गोल पुढ्यात घ्या आणि बीडवर बोट ठेवा. साधारण १९ अंश उत्तर अक्षांश. आता ही आडवी रेघ न सोडता बोट पश्चिमेला सरकवत न्या. मुंबई लागेल, मग अरबी समुद्र, अरबस्तानाची वाळू, तांबडा समुद्र, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया. त्यानंतर अटलांटिक, नुसतं पाणीच पाणी. ते संपतं तिथं पहिली जमीन लागते हिस्पॅनिओला बेटाची, कॅरिबियन समुद्राच्या उंबरठ्यावर. मे महिन्यात ज्या दिवशी भरदुपारी बीडमध्ये आपली सावली पायाखाली नाहीशी होते, त्याच दिवशी त्या रेघेवरच्या माणसाचीही होते.

कॅरिबियनची सहल आखणारे लोक आधी विमानाचे दर बघतात. बीडच्या माणसानं आधी दिवाळीच्या सुमाराला बाजारात आलेल्या पाटीत डोकवावं. त्या पाटीत सीताफळं असतात. बालाघाटच्या मुरमाड उतारावर फारसं पाणी न मागता वाढणारं हे झाड. शेळी सगळ्या पाल्याला तोंड लावते, याच्या पाल्याला लावत नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारदरबारी ते पक्कं बीडकर झालं. आणि नावात साक्षात सीता! पण वनस्पतिशास्त्राला विचारलं तर या फळाचं माहेर निघतं वेस्ट इंडीज आणि उष्ण कटिबंधातली अमेरिका. भरहूतच्या जुन्या कोरीवकामात सीताफळ दिसतं असं काही अभ्यासकांना वाटलं, त्यावर वादही झडले. पण या झाडाचं गणगोत तिकडचंच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते इकडं आलं असं मानतात. तिकडं त्याला म्हणतात ‘शुगर अ‍ॅपल’, साखरफळ. ‘कस्टर्ड अ‍ॅपल’ मागितलंत तर हातात रामफळ पडेल!

साखरेचं नाव निघालंच आहे, तर दुसऱ्या प्रवाशाची गोष्ट. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. पण त्याच्या रसातून खडे करण्याची हातोटी साधली ती भारतात. इंग्रजीतली ‘शुगर’ आपल्या शर्करेतून आली आणि ‘कँडी’ खंडातून. ही विद्या अरबांबरोबर पश्चिमेला सरकत गेली. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा त्यानं कॅनरी बेटांवरून उसाची कांडी बरोबर घेतली आणि नेऊन लावली हिस्पॅनिओलावर. म्हणजे आपल्या बोटाखालच्या त्याच बेटावर. हा माणूस घराबाहेर पडला होता भारत शोधायला!

फळ तिकडून इकडं आलं, पीक इकडून तिकडं गेलं. मात्र दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. सीताफळ एकटं आलं, डोंगरावर रुजलं, कुणाला त्रास नाही. ऊस जिथं गेला तिथं माणसं हलवत गेला. कारण त्याची घाई. ऊस तुटला की आतली साखर उतरायला लागते. त्याच्याच अंगातलं एक विकर सुक्रोजची फोड करतं, पाणी उडतं, वजन घटतं. चोवीस तासांत गाळप झालं तर बरं. पक्व व्हायला कोरडा हंगाम हवा, म्हणजे सगळ्यांचा ऊस एकदमच तोडीला येतो. चार-सहा महिने हजारो हात हवेत, बाकीचे महिने नकोत. अशी माणसं आणायची कुठून?

कॅरिबियन बेटांवर ती आफ्रिकेतून, बेड्या घालून आणली गेली. ब्रिटिश वसाहतींतली गुलामी १८३४ ते १८३८ या काळात संपली आणि मळेवाल्यांची नजर भारताकडं वळली. ‘फतेल रझाक’ हे जहाज १६ फेब्रुवारी १८४५ ला कलकत्त्याहून निघालं आणि १०३ दिवसांनी, ३० मे रोजी, सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे लोक बहुतेक. ‘चिनीदादला जायचंय, चिनी चाळायला’ असं सांगून नेलं, ही आठवण तिथल्या घराघरांत आहे. करार पाच वर्षांचा. परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार लोक असे गेले.

बीडला हे समजावून सांगायला नको. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीला टोळीनं कारखान्याच्या वाटेला लागायचं. तिथं नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. पाचटात उभी केलेली कोपी, पहाटेच्या अंधारात फड, डोक्यावर मोळी. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाव. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. आपली टोळी उन्हाळ्यात घरी येते, त्या जहाजांवरचे बहुसंख्य कधीच आले नाहीत. पण दोन्हीकडं माणसांना पळवणारी घाई त्या एकाच कांड्याची.

म्हणून बीडकरानं जायचं ते त्रिनिदादला. आपल्या रेघेपासून आठेक अंश खाली, व्हेनेझुएलाच्या कुशीला. जायचं कधी? मेच्या अखेरीस. ३० मे हा तिथं ‘इंडियन अरायव्हल डे’, सार्वजनिक सुट्टी. मुंबईहून थेट विमान नाही. लंडन किंवा न्यूयॉर्क गाठून पुढं. गंमत अशी की खरी डोकेदुखी मुक्कामाच्या देशाची नसते, वाटेतल्या देशाची असते. न्यूयॉर्कला नुसतं विमान बदलायचं म्हटलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस टोचून घ्यायची. ती नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. कारण हा ताप पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्याकडं भरपूर. विषाणू मात्र अजून इथं शिरलेला नाही. डास तयार बसलाय, फक्त पाहुणा यायचा राहिलाय. हा डास आणि हा ताप कॅरिबियनला पोचले तेही गुलामांच्या जहाजांतून.

घड्याळ साडेनऊ तास मागं करा आणि सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ खा: दोन मऊ तळलेले ‘बारा’, मध्ये रश्शातले हरभरे. बारा म्हणजे आपल्या वड्याचा भोजपुरी भाऊ. वडिलांच्या आईला तिथं आजही ‘आजी’ म्हणतात. भोजपुरी बोलणारे आता मोजकेच उरले, पण आजी राहिली.

मग वॉटरलूला जा. शिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुरानं तिथं साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. १९५२ साली ते पाडलं गेलं, त्याला १४ दिवसांची कैद झाली. सुटल्यावर त्यानं विचार केला: जमीन मालकाची, पण समुद्र कुणाचा? सायकलला बादली अडकवून दगड-काँक्रीट वाहत, ओहोटीच्या वेळा साधत, त्यानं पॅरियाच्या आखातात वर्षानुवर्षं भर घातली आणि पाण्यात देऊळ उभं केलं. बीडच्या कंकालेश्वराला पाण्याच्या मधोमध बघत वाढलेल्या माणसाला तिथं क्षणभर आपण कुठं आहोत हे कळणार नाही.

एक गोष्ट मात्र दिसणार नाही: ऊस. तिथली सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली आणि पुढं तो धंदाच संपला. माणसं आणून ठेवली आणि ऊस निघून गेला.

परतताना सीताफळाचं बी खिशात टाकायचा मोह आवरा. जहाजावरच्या खलाशांना चाललं, विमानतळावर चालत नाही. आणि गरजही नाही. ऑक्टोबरात गावातून टोळीचा ट्रक निघतो. चूल, भांडी, पांघरुणं, लेकरं भरली जातात, आणि कुठल्याशा कोपऱ्यात वाटेत खायला चार सीताफळं, डोळे उघडलेली.